आमदार कुंजीलालची छाट

माहा भाऊ कुंजीलाल आमदार झाला, तवा आमच्या मुर्री गावात माह्याइतकं वर नाक कोनाचं नव्हतं. आता तेच नाक कुठं लपवू, सांगा!

त्याचा धंदा लहानसाच. गावच्या बायांना तेंदूपत्ता आन् तंबाखू द्यायचा, त्यायनं वळलेल्या बिड्या तपासून गोंदियाच्या कारखान्यात पोचवायच्या. अशा मानसाले सट्टेदार म्हनतात. नवरा गेल्यावर मी माहेरीच राहिली, मीबी बिड्याच वळत होती.

या धंद्यात एक काळी चाल होती, छाट. ही बिडी ढिली, ही वाकडी म्हनत मूठभर बाजूले काढायच्या. त्याची मजुरी नाही, आन् बिडीबी वापस नाही. बाया चरफडत. मले वाटे, कारखानावालाच लुटते, त्यात सट्टेदार बिचारा काय करन? भोळी नाही, येडीच होती मी!

बावन सालच्या निवडनुकीत कुंजीलाल म्हने, "नागपूरच्या विधानसभेत जाऊन छाट बंद करतो." मी घरोघर फिरली. "माह्या भावाचा शब्द तो माहा शब्द," म्हटलं. बायांनी त्याच्याच पेटीत चिठ्ठ्या टाकल्या.

पुढं नागपुरात छाटेची गोष्ट निघाली. गोवर्धन मास्तरनं पेपर वाचून सांगितलं, "बाकीचे बोलले, आपला जागचा उठलाबी नाही." माह्या अंगाची आग झाली.

भाऊबीजेले कुंजीलाल नागपूरहून घरी आला, पांढऱ्या खादीत. शेजारची मंदाबाई आन् दोघी-तिघी ओसरीत बिड्या वळत बसल्या होत्या. मी ओवाळलं. त्यानं ताटात नवं लुगडं ठेवलं. मी ते मागं सारलं.

"लुगडं नोको. काऊन नाही बोलला ते सांग."

"बाई, सन हाय आज."

"सन गेला चुलीत! सांग."

त्यानं मान खाली घातली. "काय तोंडानं बोलू? कारखान्यापेक्षा जास्त छाट मीच काढतो. त्या बिड्या चोरून बजारात इकतो. त्याच्यावरच निवडनूक लढलो. आन् तुले दरसाल लुगडं देतो, ते कुठून येते वाटते तुले?"

ओसरीतले हात थांबले. माह्या अंगावर गेल्या भाऊबीजेचंच लुगडं होतं. वाटलं, ओरबाडून फेकावं. पन फेकून उघडी कुठं जाऊ? लाज, लाज वाटली मले, मायच्यान!

तो न जेवताच गेला. मी ओसरीत येऊन मंदाबाईचे पाय धरले. "बाई वो, मले खरंच मालूम नव्हतं."

"आमाले होतं," ती म्हने. "पयलेपासून."

"मंग त्याले मत काऊन देल्लं?"

तिनं मले उठवलं. "तू हात जोडून दारात उभी होती न, रामबाई. तुले कसं परतवावं?"