चवथीच्या वज्यातली मोटार

डिचोलीच्या गोकुळदासांचं घर समोरून पाहिलं तर वाटावं, कालच वास्तुशांत झाली. पुढच्या भिंतीला दर गणेशचवथीला नवा रंग लागतो. मागच्या भिंतीला त्यांच्या लग्नानंतर ब्रश लागलेला नाही. पाहुणे पुढून येतात, मागून येतं ते फक्त मांजर, आणि मांजर चार लोकांत काही बोलत नाही. खाणीवर पंचवीस वर्षं सुपरवायझर होते तेही याच धोरणाने. साहेब येणार म्हटलं की रस्त्यावर पाणी मारायचं. साहेब गेले की धूळ मोकळी.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, गौरवीचं, मे महिन्यात मांद्र्याच्या अमोलशी लग्न झालं आणि बघता बघता पहिली चवथ आली. पहिल्या चवथीला माहेराहून सासरी वजें जातं. फळं, नेवऱ्या, लाडू, नारळ. वजें पोचायच्या आधी त्याची बातमी पोचते, आणि कुणाचं किती मोठं यावर गावात पुढच्या चवथीपर्यंत चर्चा चालते. शेजाऱ्यांच्या मुलीचं वजें टेंपो भरून गेलं, हे गोकुळदासांना सहन होईना. त्यांनी देवळात चारचौघांसमोर जाहीर केलं, आपण वज्यात मोटार देणार.

जाहीर करून झाल्यावर ते मोटारीकडे बघायला गेले. चौदा वर्षांची, मूळची पांढरी, खाणीच्या लाल चिखलात मुरलेली. दारांच्या कडा गंजून फुगल्या होत्या.

बाजाराजवळ मधुकरचं गॅरेज आहे. मधुकर त्यांचा शाळासोबती, पत्र्याच्या आणि रंगाच्या कामात केस पिकलेला. तो गाडीखाली शिरला आणि त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. त्याचं टोक मागच्या सीटसमोरच्या पत्र्यातून आरपार आत आलं, जिथे बसणाऱ्याचे पाय असतात तिथेच.

"गोकुळदासानू, पत्रो कुसलोसा," मधुकर म्हणाला. "आदी तो कापूक होयो, मागीर रंग."

कुजका पत्रा कापून नवा जोडायला त्याला वीस दिवस हवे होते. चवथ दहा दिवसांवर होती.

मग कुणीतरी पेडण्याच्या वाटेवरच्या योगेशचं नाव सांगितलं. हा भाड्याच्या गाड्यांना विनाइलचा कागद चढवतो, दोन दिवसांत गाडी आरशासारखी. योगेश सरळ माणूस. त्याने आधीच सांगितलं की गंजावर कागद नीट धरत नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरून कडा सारख्या करून देईन, पण कागद गंज झाकतो, थांबवत नाही. आणि खालचा पत्रा हे माझं काम नव्हे. गोकुळदासांना यातलं झाकण्याचं तेवढं आवडलं.

तरी मनात कुठेतरी टोचत होतं. म्हणून त्यांनी देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाडीला कागद लावू का, असं विचारल्यावर डावी पडली. गोकुळदास म्हणाले, पंख्याचा वारा लागला. पंखा बंद करून पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा त्यांनी प्रश्नच बदलला: देवा, लेकीला मोटार द्यावी ना? उजवी पडली. देव पावला म्हणून ते तडक योगेशकडे गेले.

रंग बदलला तर वाहतूक खात्याच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतील, म्हणून मोतिया पांढरा कागद निवडला. आत जाड नवी मॅट घातली. बायको, भाग्यलक्ष्मी, एवढंच म्हणाली, की आपली पोर बसणार त्यात. त्यावर ते म्हणाले, मांद्र्यात चार पावलं फिरेल गाडी, अमोलकडे बुलेट आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वजें गेलं. बॉनेटवर झेंडूचा हार, डिकीत नारळ. विहीणबाईंचे डोळे दिपले, शेजारी आठ दिवस गप्प झाले. बुधवारच्या बाजारात मधुकर भेटला की गोकुळदास त्याला ऐकवत, तुझा धंदा आता म्हातारा झाला, हा कागदाचा जमाना. मधुकर मान डोलवायचा आणि भाजी घ्यायचा. फोनवर गाडी कशी आहे विचारलं की गौरवी म्हणायची, बरी आहे. प्रत्येक 'बरी'बरोबर गोकुळदासांना आपण शहाणे आहोत असं वाटे.

फेब्रुवारीत गौरवीला सातवा लागला. मांद्र्याला ओटी भरली, आणि तिला बाळंतपणासाठी डिचोलीला आणायचं ठरलं. गोकुळदास आणि भाग्यलक्ष्मी बसने गेले होते. निघताना अमोलने मोटार अंगणात आणली आणि मागचं दार उघडलं. गौरवी सावकाश, पोट सांभाळत पुढे आली.

गोकुळदासांच्या डोळ्यांसमोर तो स्क्रू-ड्रायव्हर आला. टॅक्सी बोलावूया, असं ते पुटपुटले. अंगणात मोटार उभी असताना टॅक्सी कशाला, असं विहीणबाईंनी विचारलं. गौरवीने पाऊल उचललं तसा त्यांनी तिचा दंड धरला.

"हयसर बसू नको," ते म्हणाले. "खाली पत्रो नाय. माका ठाऊक होता."

एवढं बोलून या माणसाने, ज्याने जन्मभर फक्त झाकलं, सर्वांसमोर खाली बसून मॅट उचलली.

खाली नवा कोरा पत्रा होता. कडेने जोडकाम, वर काळा रंग, सगळं जागच्या जागी. त्यांनी हाताने दाबून पाहिला, मग मुठीने ठोकला.

अमोलने शांतपणे सांगितलं, चवथीनंतर पहिल्यांदा गाडी धुतली तेव्हाच पाणी आत आलं होतं. वीस दिवस मधुकरकडे मागच्या शेडमध्ये होती; पत्र्याचं त्याने तुम्हाला आधीच सांगितलं होतं, हेही तिथेच कळलं. दारांच्या कडाही कापून नव्या केल्या आणि योगेशकडून तिथे पुन्हा तोच कागद लावून घेतला, बाहेरून तुम्हाला हवी तशीच दिसावी म्हणून.

गोकुळदासांनी लेकीकडे पाहिलं.

"पाच म्हयने मी वाट बघी होतंय, बाबा," गौरवी म्हणाली. "तुमी कधी सांगशात म्हणान."

डिचोलीपर्यंत ते पुढच्या सीटवर, गाडी चालवणाऱ्या अमोलच्या शेजारी बसून होते. बाजाराजवळ गॅरेजच्या दारात मधुकर उभा होता. त्याने मोटार ओळखून हात केला. गोकुळदासांचाही हात सवयीने वर गेला, पण मधुकर अमोलकडे बघत होता.