दिग्या एकदाच खेळला

दिग्यानं मला चार वेळा मारलं.

काल तो स्वतःच गेला.

घाबरू नका, मला मारलं ते खेळात. एकदा सापानं, एकदा दरडीखाली, अन् दोनदा माझ्याच येडेपणानं.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी: रोलप्लेइंग गेम. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करतो ते आपण सांगायचं. जमलं का फसलं, ते फासा सांगतो.

आता पोरं असलं कम्प्युटरवर खेळतात. आम्ही नव्वदच्या दशकात जालन्यात, एमआयडीसीजवळ दिग्याच्या खोलीत खेळायचो. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, पंख्याखाली.

दिगंबर मूळचा आष्टीचा. लोखंडी सळया बनवणाऱ्या री-रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. पुण्याच्या कोण्या पाव्हण्याकडून त्यानं एका इंग्रजी रूलबुकची झेरॉक्स आणल्ती. त्यातला वीस बाजूंचा फासा कुठं मिळेना, मंग आमच्या टर्नर रफिकनं सळईच्या तुकड्यातून घासून करून दिला. लय जड. खाली पडला की फरशीचा टवका जायचा, अन् सारखे तीनच पडायचे.

तिसरा बजरंग, टेम्पोवाला. घरी पिढीजात मेंढ्या. त्याला राजा करा, सरदार करा, हा गडी खेळात चाळीस मेंढ्या घेऊनच शिरायचा. गुहेत मेंढ्या नेता येतात का, हे दिग्या अर्धा तास त्या झेरॉक्समध्ये शोधत बसल्ता.

चौथा मी. बियाण्याच्या प्लांटवर ग्रेडिंगला. चार माणसांत तोंड न उघडणारा.

दिग्याचं एक लेक्चर ठरलेलं. हा खेळ खेळणाऱ्यानं जिंदगीत काही गोष्टी एकदा तरी कराव्याच, म्हणायचा. आपला माणूस मरत असंल तर मरू द्यावा, भांडू नये. आपल्या स्वभावाच्या बिलकुल उलटा माणूस होऊन बघावं. एकदा स्वतः गोष्ट चालवावी.

अन् एकदा नुसतं खेळावं, पुढं काय होणार हे माहीत नसताना.

रफिकनं विचारलं, तुझं झालं का रे हे समदं? दिग्या हसला. गोष्टीतली बाकीची समदी माणसं मीच होतो अन् मीच मरतो, शेवटचं तेवढं राह्यलं म्हणाला. गोष्ट कायम तोच चालवायचा ना. दुसरं कोण चालवणार? आमचं इंग्रजी म्हणजे आनंदच होता.

मंग त्याला रायपूरकडच्या मिलमध्ये नोकरी लागली. सामान बांधून झालं. एकच रविवार उरला.

तिकडं कोण कशाला हा खेळ खेळतंय. हा रविवार गेला की दिग्याचं स्वतःचं खेळणं जिंदगीभर राहूनच जाणार, हे मला दिसून राह्यलं होतं. जीव तुटला माझा.

मी म्हणालो, या टायमाला मी चालवतो.

तिघं माझ्याकडं बघतच राहिले.

आठ दिवस डिक्शनरी घेऊन बसलो. गोष्ट साधी ठेवली. गावच्या विहिरीवर राक्षस येऊन बसलाय, शेजारीच त्याचं खोपट, कोणाला पाणी भरू देत न्हाई. त्याला हाकलायचं. लढाईची सगळी तयारी कागदावर करून ठेवली.

रविवारी खेळात हे तिघं राक्षसाच्या दारात पोचले. आता राक्षसानं गरजायचं होतं. तिघांचे डोळे माझ्यावर. मला घाम फुटला, अन् दारात कोणी आलं की जे तोंडातून निघतं तेच निघालं.

"या, बसा. चहा टाकू का?"

बजरंग म्हणाला, घेऊ की अर्धा कप.

झालं, तिघं राक्षसाचा चहा पिले. मी गडबडीनं सांगितलं, राक्षस कुऱ्हाड उचलतो, हाणा आता.

रफिकनं फासा खाली ठेवला. "मी न्हाई मारत. आत्ता त्याच्या घरचा चहा पिलो."

अरे खेळ हाय हा, म्हणालो. बजरंग म्हणाला, असंल, पर चहा तर पिलो ना.

माझ्या कागदांत लढाईशिवाय काहीच नव्हतं. मी दिग्याकडं पाह्यलं. असल्या टायमाला काय करायचं ते त्यालाच ठाऊक.

"माझ्याकडं बघू नको," तो म्हणाला. "मी आज खेळून राह्यलो."

रडू यायचंच बाकी होतं. दोस्ताची एकुलती एक दुपार, अन् ती मी चहापायी घालवली. कागद गोळा करायला लागलो.

तेवढ्यात दिग्यानं सांगितलं, मी तलवार बाजूला ठेवतो अन् राक्षसाशेजारी बसतो. मंग राक्षसाला, म्हणजे मलाच, विचारलं,

"बाबा, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मला काय सुचलं देव जाणे.

"कोणीच न्हाई. विहिरीवर बसलं की माणसं तरी दिसतात."

दिग्याचे डोळे मोठे झाले. "मंग?"

मंग मी जो बोलत सुटलो, तो संध्याकाळपर्यंत. राक्षस गावात आला. लोक पळाले. पाटलीणबाईंनी त्याला झाडूनं हाणलं. शेवटी तो मोट ओढायच्या कामाला लागला अन् गावच्या बैलांना सुट्टी मिळाली. बजरंगनं त्याला दोन मेंढ्याबी देऊन टाकल्या. दिग्या दर दोन मिनिटाला मांडीवर थाप मारायचा अन् पुढं सरकायचा.

निघताना चपला घालत म्हणाला, "सात वर्षांत पयल्यांदा मला पुढचं माहीत नव्हतं रे. लय मजा आली."

रायपूरला त्याला कोणी खेळणारं भेटलं न्हाई. ती दुपार पहिली अन् शेवटची.

काल फोनवर वहिनी रडत होत्या, अन् बोलता बोलता मधीच हसल्या.

म्हणाल्या, "भाऊजी, इतकी वर्षं यांनी तुम्हाला खेळवलं, ते कधी कोणाला सांगितलं न्हाई. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकच सांगायचे. जालन्यात माझ्या दोस्तानं मला खेळवलं."

जा दिग्या, सावकाश जा.

बजरंगचा रामराम. रफिकचा सलाम. अन् माझे हात जोडलेले.