गाठीकाकांची वही

संशोधन केंद्रात त्यांना सगळे गाठीकाका म्हणत. सोयाबीनची मुळं धुवायची आणि त्यांवरच्या मोहरीएवढ्या गाठी मोजायच्या, हेच काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं. त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती, आणि ही गोष्ट ते दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना काचेच्या दोन खोल्यांतली रोपं उपटली. एका खोलीत साधी हवा, दुसरीत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड. प्रयोग चालवणाऱ्या मॅडमचा हिशेब सरळ होता: गॅस वाढला की पानं साखर जास्त करतील, ती गाठींतल्या जिवाणूंना मिळेल, आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला जास्त पुरवतील. म्हणजे गाठी वाढायला हव्यात. साध्या खोलीत रोपामागे साठ निघाल्या. गॅसच्या खोलीत अकरा.

काकांनी एक गाठ नखानं फोडली. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, ही पांढरीफटक. पानं मात्र गर्द हिरवी. मग काकांना आठवलं. गेल्या महिन्यात या खोलीचा नळ बंद पडला, रोपांनी माना टाकल्या, आणि काकांना ते बघवेना. शेजारच्या गव्हाच्या खोलीतल्या पिंपातून त्यांनी आठवडाभर पाणी आणून घातलं. त्या पिंपात युरिया कालवलेला असतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खतातून नायट्रोजन आयता मिळाल्यावर सोयाबीन कशाला गाठी पोसत बसेल?

आकडे बघून मॅडम खुर्चीतून उठल्याच. "काका, हे तर उलटंच निघालं. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाती लागलंय. बारापर्यंत अहवाल पाठवते."

साडेअकरा झाले होते. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मोजणीत तर चूक नव्हतीच. वही स्वच्छ राहिली असती. काकांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती.

"मॅडम, पाठवू नका." काका म्हणाले. "त्या खोलीत युरियाचं पाणी गेलंय. मीच घातलं."

मॅडम परत खुर्चीत बसल्या.

"कधी लक्षात आलं?"

"आत्ता. मोजताना."

"पुन्हा पेरायचं म्हणजे सहा आठवडे," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "तुमचे पाचच उरलेत." मग त्यांनी लाल पेन पुढे केलं. "पान तुम्हीच खोडा."

काकांनी पट्टी लावली, तरी रेघ वाकडी आली. खाली त्यांनी लिहिलं, 'पाणी मी घातलं', आणि सही केली. मग ते रिकाम्या कुंड्या धुवायला बसले. पेरणी त्यांची होती. गाठी मोजायला दुसरं कुणीतरी बसणार होतं.