पायावर सोडलेलं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी गोंदियाच्या शाळेत सायन्स शिकवायचो, आणि कुणी असलं काही सांगू लागलं की त्याची यथेच्छ टर उडवायचो. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... तरी जे पाहिलं ते तसंच मांडतो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, बिरसीला विमानांच्या धावपट्टीचं काम चाललं होतं. आमचं घर नागऱ्याजवळ. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे आमचा लहानसा तलाव. शेती मोठा भाऊ आणि वहिनी बघायचे. त्या पावसाळ्यात चिखलणी करताना भाऊच्या पायात गंजकं लोखंड घुसलं. त्याने नेहमीप्रमाणे हळद दाबली आणि विसरून गेला. धान निसवून लोंब्या दिसू लागल्या तोवर जखम सडली होती, पाऊल सुजून हिरवट पडलं होतं. बोडीतून बांधीत पाणी सोडायचं कामसुद्धा वहिनीच एकटी करत होती.

मी गोंदियाहून टांगा करून डॉक्टरांना आणलं. नागपूरकडचे, मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या आठवड्यात येऊन पाय घोट्यापासून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. भाऊने ते ऐकलंच.

"पाय कापला तं मी बांधीत उतरू कसा?" एवढंच बोलून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला ते बघवेना.

टांग्यात चढताना डॉक्टर वहिनीला हळूच म्हणाले, "बाई, आता त्या पायावर पाणी सोडा." माझे डोळे भरून आले. वहिनीने मात्र शांतपणे मान हलवली. बाई किती धीराची, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात पितळी गंगाळ भरून उन्हात तापत ठेवलं. दुपारी अचानक आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता कोंदटपणा. मी पडवीत होतो, वहिनी दारात तांदूळ निवडत होती. माझ्या हातावरचे केस उभे राहिले. आणि बोडीकडून, कुंपणावरून, एक उजेड आला...

बेलफळाएवढा. निळा-जांभळा, कडा पुसट. सावकाश तरंगत तो गंगाळावर आला आणि पाण्याच्या बोटभर वर थांबला. बशीतल्या चहावर फुंकर घातली की खळगा पडतो, तसा खळगा त्याच्याखाली पाण्याला पडला होता. उजेडातून बारीक जांभळे धागे खाली उतरत होते आणि पाण्यावर इकडून तिकडे सरकत होते. तेल चुरचुरतं तसा बारीक आवाज. वाफ नाही, उकळी नाही. मग तो आकसत गेला — आणि संपला. मागे उग्र वास राहिला, शाळेच्या लॅबमध्ये ठिणग्यांची कॉइल चालवली की येतो तसा.

मी जाऊन पाण्यात बोट घातलं. जेमतेम कोमट होतं. जिभेला लावलं तर आंबट. हे पाणी फेकून द्या, असं मी वहिनीला सांगितलं.

"काऊन फेकू, भाऊजी? पायासाठी ठेवलं आहे."

जखम धुवायची असेल, म्हणून मी वाद घातला नाही. तिने गंगाळ झाकून ठेवलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याने त्यातलं पाणी भाऊच्या पावलावर सोडत राहिली, बांधीत सोडतात तसं बेताबेताने. मी शाळेतून लिटमस आणला. त्या पाण्यात निळा कागद लगेच लाल झाला. विहिरीच्या आणि बोडीच्या पाण्यात काहीच झालं नाही.

डॉक्टर आले ते हत्यारांची पेटी घेऊनच. फडकं सोडलं आणि बघतच राहिले. सूज उतरली होती, घाण वास गेला होता, खालून लाल ताजं मांस भरत होतं. कोणतं औषध केलं, असं त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाली, "तुमीच तं सांगतलं जी, पायावर पानी सोडा. रोज सोडून राहिली ना मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी सोडा म्हणजे आशा सोडा, हा अर्थ रोज बांधीत पाणी सोडणाऱ्या तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आता तो समजावून सांगण्याची छाती आम्हा दोघांचीही झाली नाही.

"बरोबर केलंत, बाई," डॉक्टर म्हणाले आणि पेटी बंद केली.

पुढे मी लॅबमध्ये पाण्यावर कॉइलच्या ठिणग्या पाडून पाहिल्या. पाणी खरंच आंबट होतं. म्हणजे अर्धं कोडं सुटलं, असं म्हणता येईल. पण पाय त्या पाण्याने वाचला की आपोआप, कोण जाणे. आणि शेजारी अख्खी बोडी भरलेली, बांध्या भरलेल्या — मग तो उजेड नेमका त्याच गंगाळावर का थांबला? मला तरी अजून एकही थिअरी पटलेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीला, भाऊ थोडा लंगडत, पण दोन्ही पायांनी बांधीत उतरला. वर बोडीपाशी उभ्या वहिनीने विचारलं, "सोडू का पानी?"

"सोड," तो म्हणाला. मी, सायन्सचा मास्तर, बांधावर उभा राहून रडलो.