तिनाचे आठ

चष्म्याच्या दुकानात त्याची तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकं त्याला डोळेमास्तर म्हणत. जवळचं दिसत नाही म्हणून कुणी तोंड पाडलं, की त्याचं ठरलेलं असायचं, "चाळिशी आहे, फाशी नाही. लावा आणि मोकळे व्हा." स्वतः मात्र पन्नाशी उलटली तरी बिलं हात लांब करून वाचायचा. अगदीच अडलं तर भिंतीकडे तोंड करून खिशातला चष्मा क्षणभर लावायचा आणि चोरासारखा परत ठेवायचा.

स्कूबाचं वेड त्याला धाकट्या बहिणीनं लावलं. ती बस डेपोत वेळापत्रकं आखायची. दोघांनी मिळून पहिला कोर्स पुरा केला. तोवर मनगटावरचं यंत्र प्रशिक्षकाचं होतं, आता स्वतःचं घ्यायचं होतं. आपण किती खोल आहोत, या खोलीवर आणखी किती मिनिटं थांबता येईल, वर येताना घाई तर होत नाही ना, हे सगळं तो डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो. त्याच्यावर नजर ठेवायची, एवढंच माणसाचं काम.

स्कूबाच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंनी दोन यंत्रं पुढ्यात ठेवली. एक जाडजूड, एकाच बटणाचं, अंगठ्याच्या नखाएवढ्या आकड्यांचं. दुसरं घड्याळासारखं, पातळ, देखणं.

"मास्कच्या आत चष्मा चालत नाही हं," बाई म्हणाल्या. "पहिलंच घेताय, तर आकडे मोठे बघा. बाकीच्या करामती नंतर."

बहिणीनं जाडजूड उचललं. तो हसला. "ही मनगटावर ताटली घेऊन फिरणार! मला ते दुसरं द्या."

"खालची ओळ वाचून दाखवता?"

"बाई, माझा धंदाच डोळ्यांचा आहे."

तरी त्यानं वाचली. म्हणजे बहिणीनं मघाशी मोठ्यानं वाचलेलं पोपटासारखं म्हणून टाकलं. त्याला दिसत होती ती नुसती मुंग्यांची रांग. तपासणीचा तक्ता पाठ करून येणारी गिऱ्हाइकं तो स्वतः रोज पकडायचा. बाईंना ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी दिवसातल्या दुसऱ्या डाइव्हला खडकाच्या कपारीत त्याला ऑक्टोपस दिसला. तो सरकला, की हाही उतारावरून खाली सरकायचा. मनगटावर काहीतरी किणकिणलं. वरून बहिणीनं खुणेनं विचारलं, किती मिनिटं उरली? त्यानं मनगट नाकाशी धरलं, लांब धरलं, आणि आधी पाच, मग तीन बोटं दाखवली. आठ.

बहीण सरळ खाली आली, त्याचं मनगट धरून तिनं यंत्र पाहिलं आणि त्याला जाकिटाला पकडून सावकाश वर नेलं. वर निघण्याआधी शरीर सावरावं म्हणून पाच मीटरवर दोराला धरून काही मिनिटं थांबायचं होतं, तेवढा सगळा वेळ तिनं त्याचा हात सोडला नाही. गर्दीच्या रस्त्यावर लहान पोराचा धरावा तसा.

बोटीवर प्रशिक्षक कडाडला. "तुमची मर्यादा अठरा मीटर. सत्तावीसवर काय करत होतात?"

बोटीवरची नऊ माणसं त्याच्याकडे बघत होती. "यंत्र सोळाच दाखवत होतं," तो म्हणाला. "मिनिटंही आठ. बिघडलेलं आहे ते. खपत नव्हतं म्हणून बाईंनी माझ्या गळ्यात मारलं."

पायातले पंख काढणाऱ्या बहिणीचा हात थांबला, मग तिनं दुसरा पंख ओढून काढला. बोटीवरच्या दोघांनी त्याच दुकानात तेच यंत्र मागवलं होतं. किनारा जवळ येऊन फोन लागताच दोघांनी नको म्हणून कळवलं.

बाईंनी यंत्र मागवून घेतलं. पाण्याचा दाब देणाऱ्या भांड्यात घालून तीनदा तपासलं. मग त्यांचा फोन आला. "मला तरी ते ठीक दिसतंय. पण तुमच्या जिवावर बेतलं होतं. बदलून देते. माझ्या हातून काही राहिलं असेल तर माफ करा."

फोन ठेवून तो बहिणीला म्हणाला, "बघ, आल्या की नाही वळणावर?"

"दादा," ती म्हणाली, "तुझं मनगट मी धरलं होतं. तीन होते ते. लख्ख तीन. खोलीसुद्धा सत्तावीस. अरे, दिसत नाही तर नाही म्हणायचं! त्या बाईंनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

त्याचे कान तापले. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक चाळिशीवरून कुरकुरलं, तेव्हा नेहमीचं वाक्य त्यानं टाळलं. नुसता नंबर लिहून दिला.

संध्याकाळी तो बाईंच्या दुकानात गेला. आत दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं म्हणून तो दोऱ्या न्याहाळत राहिला. मग स्वतःचीच शिसारी आली. नऊ जणांसमोर बदनामी केली, आणि माफी मात्र कोपऱ्यात मागायची! तो काउंटरपाशी गेला.

"यंत्र चांगलं होतं. मलाच वाचता आलं नाही. मी खोटं बोललो."

दोन्ही गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. बाईंनी हातातली पेटी खाली ठेवली. "आठवडाभर त्या प्रशिक्षकानं इकडे एकही गिऱ्हाईक पाठवलेलं नाही. मला सांगून काय उपयोग?"

"ते मोठ्या आकड्यांचं द्या. मी..."

"आधी तिथे सांगून या. मग बघू काय द्यायचं."

रविवारी धक्क्यावर, बोट सुटायच्या आत, त्यानं सगळ्यांना सांगितलं. पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. कुणीतरी फिसकन हसलं. प्रशिक्षक हसला नाही. त्यानं बाईंना तिथूनच फोन केला आणि डोळेमास्तरला महिनाभर पोहण्याच्या तलावात, नवशिक्यांच्या रांगेत धाडलं. बहीण बोटीवर चढली, हा काठावर राहिला.

बाईंनी ते जाडजूड यंत्र दिलं, मास्कच्या काचेला आतून चिकटवायची दोन छोटी भिंगंही दिली. असली भिंगं असतात हे त्याला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. ती त्यानं स्वतःच बसवली, नीट, घरी सगळ्यांसमोर.

नको म्हणणाऱ्या दोघांपैकी एकानं यंत्र पुन्हा मागवलं. दुसऱ्यानं तोवर दुसरीकडून घेतलं होतं, आणि बाईंच्या दुकानाबद्दल काय ऐकलं ते आणखी चौघांना सांगून झालं होतं. त्या चौघांची नावं तो अजून विचारत फिरतो. दोघे सापडले आहेत.