तुटलेलं टोक आणि सासूबाईंचं 'या, या'

न्युरेम्बर्गकर मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

आमचे शेजारी डीटर स्वतःच्या हाताने सुऱ्या बनवतात, युरोपच्या पार उत्तरेकडच्या सामी आदिवासींसारख्या. बर्चच्या लाकडाची मूठ, रेनडियरच्या शिंगाचं म्यान. जंगलात लाकूड तासायची वस्तू ती! आमच्या कॅम्पिंगसाठी त्यांनी एक वापरायला दिली होती.

आणि मी आज सकाळी तिने करवंटीतलं खोबरं उचकटायला गेले. टोक कट्कन तुटलं.

दुपारी डीटर सुरी न्यायला आले. टोक बघून त्यांचा चेहरा असा पडला, की माझ्या तोंडून जर्मनमध्ये पटकन निघून गेलं, "सासूबाईंनी वापरली."

सासूबाई पुण्याहून आल्यात. जर्मनचं अक्षरही कळत नाही. डीटरनी "तुम्ही?" म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या हसून म्हणाल्या, "या, या! बसा ना." जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. झालं, गुन्हा कबूल!

डीटर रागावले नाहीत. उलट शेजारी बसून, हातवारे करत, सुरी कशी धरायची ते त्यांना शिकवलं. सासूबाईंनी त्याच खोबऱ्याच्या वड्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

ते गेल्यावर मला म्हणाल्या, "किती मायाळू गं! काय सांगत होते?"

मी उरलेल्या वड्या डब्यात भरू लागले. माझी सात वर्षांची लेक सगळं ऐकत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. आज मात्र ती मराठीत म्हणाली, "आई, आजीला सांग ना."

अजून सांगितलेलं नाही. तुम्ही कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?