सौदा कुठला, धमकी कुठली

सोलापुरात कडक भाकऱ्या करणाऱ्या बाया ढिगानं आहेत, पण गिऱ्हाइकालाच उलटे प्रश्न विचारणारी एकच, सुंदरम्मा. हात जितका सराईत तितकीच चौकशांची हौस दांडगी. त्या आठवड्यात मात्र तिचं चित्त चुलीपाशी नव्हतं. लेक श्रीदेवीला पुण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि सुंदरम्मानं तिला तोंडावर सांगून टाकलं होतं, "गेलीस तर या घरात परत पाऊल टाकायचं न्हाय." तेव्हापासून पोरीची बॅग अर्धी भरून पडली होती.

शनिवारी हॉटेलवाले बापूसाहेब आले. "मावशी, भाव उतरवा. तिकडं वैराग गावच्या बाया स्वस्तात देत्यात. नाहीतर त्यांच्याकडनं घेतो."

श्रीदेवीच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुंदरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "घ्या की! किती दिवस टिकती हो त्यांची?" आणि खरंच थोडा भाव उतरवला.

तेवढ्यानं बापूसाहेबांना चेव चढला. "आणि त्या कोपऱ्यावरच्या खानावळीला भाकरी द्यायची नाही. दिलीत तर तुमच्या चुलीच्या धुराची तक्रार करतो."

सुंदरम्माचा हात थांबला. घाबरली म्हणाल तर नाही. तिला नवल वाटलं.

"धुराचा तुमाला तरास हाय?"

"मला कशाला?"

"मग तक्रार करून तुमाला काय मिळणार?"

"मला काय मिळायचंय? तुम्हाला अद्दल घडंल."

"आन खानावळीला दिलं न्हाय, तर धूर चालतूय?"

बापूसाहेब चप्पल चाचपू लागले.

"हे बघा," सुंदरम्मा म्हणाली, "वैरागची भाकरी तुमी सोताच्या फायद्यासाठी घेणार. मी बहिरी असते, तुमचं ऐकलंच नसतं, तरी तुमी घेतली असती. त्यो धंदा, त्यावर बोलू. ही तक्रार निस्ती मला वाकवायला. एकदा वाकले की उद्या दुसरी आणाल. जावा, करा तक्रार."

बापूसाहेब रोजच्या भाकऱ्या उचलून चालते झाले. सुंदरम्मा स्वतःवरच खूश झाली.

"अव्वा, एक विचारू?" मागून श्रीदेवी आईला म्हणाली. "मी गेल्यावर दार लावून घेतलंस, तर तुला काय मिळणार?"

तव्यावरची भाकरी करपली तरी सुंदरम्माचं लक्ष नव्हतं. आपणही बापूसाहेबच की, हे तिला फार लागलं.

"काय न्हाय मिळणार," ती शेवटी म्हणाली. "तू जाऊ नये म्हणून बोलले. एकटीला ऱ्हायचं भ्या वाटतंय गं मला."

"मग तसं सांगायचं की."

सुंदरम्मानं करपलेली भाकरी तव्यावरनं काढली. मग तिनं विचारलं, "महिन्यातनं एकदा येशील?"

"येईन."

"आन न्हाय आलीस तर..."

श्रीदेवीनं झटकन मान वर केली. सुंदरम्मानं ओठावर आलेलं गिळून टाकलं.

"...तर मीच येईन पुण्याला."